उताऱ्याची मात्रा : मज्जातंतुविषावरील पूर्वौषध, शेतीतील विषे आणि पुणे जिल्ह्यातील एक प्रयोग

भीमेच्या उत्तरेस शिरूर तालुका आणि दक्षिणेस दौंड तालुका अशी पुणे जिल्ह्याच्या पूर्वभागाची मांडणी आहे. हा मुळात अवर्षणप्रवण मुलूख. खडकवासल्याहून येणाऱ्या कालव्याने दौंडचा एक पट्टा उसाखाली आणला, घोड धरणाच्या पाण्याने शिरूरच्या काही भागाला तेच दैव लाभले. उरलेल्या रानांत कांदा, भाजीपाला आणि अलीकडे डाळिंब यांनी जम बसविला. बागाइतीबरोबर रासायनिक कीटकनाशके आली. उसाच्या बुडाशी टाकावयाचे दाणेदार थिमेट, भाजीपाल्यावर फवारावयाचे रोगर, घराघरांत ओळखीचे झालेले नुवान ही नावे ज्याला लिहिता-वाचता येत नाही अशा शेतकऱ्याच्याही तोंडी दोन पिढ्या होती. ह्या सर्व पदार्थांना तिकडच्या बोलीत एकच शब्द आहे, तो म्हणजे ‘औषध’. पिकावर औषध मारतात. दुखणाइताला डॉक्टर औषध देतात. आणि एखाद्याने ‘औषध घेतले’ असे कोणी खालच्या आवाजात सांगितले, की त्याचा अर्थ विचारावा लागत नाही. वृत्तपत्रांनी ह्याच प्रयोगाला ‘विषारी औषध प्राशन’ असे संस्कृत वळण दिले आहे.

बोलीतील हा गोंधळ वाटतो तितका अडाणी नाही. ज्या रसायनवर्गाचा येथे विचार करावयाचा आहे, त्यात विष, औषध आणि विषापासून रक्षण करणारे औषध ही तिन्ही एकाच क्रियेने काम करतात. त्यांतील भेद बहुतांशी मात्रेचा आणि बंधाच्या टिकाऊपणाचा आहे. मज्जातंतूंवर आघात करणाऱ्या युद्धवायूंपासून बचाव व्हावा म्हणून सैनिकांना जे पूर्वौषध देण्यात आले, त्याच्या मात्रातिरेकाने होणारा विकार आणि दौंडच्या उसाच्या फडातून आणलेल्या शेतमजुराचा विकार ह्यांची कूस एकच आहे. म्हणून पहिल्याच्या उपचाराचा इतिहास लिहू जाणाऱ्याला दुसऱ्याच्या उपचाराचा इतिहास टाळता येत नाही. त्या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण लष्करी प्रयोगशाळेत घडलेले नसून, दौंडच्या शेजारी बारामती येथे, एका खाजगी रुग्णालयात घडले आहे.

प्रथम त्या पूर्वौषधाचा परिचय करून देणे क्रमप्राप्त आहे. त्याचे नाव पायरिडोस्टिग्मिन. ते मुळात युद्धासाठी निर्माण झालेले नाही. स्नायू भराभर थकत जाणारा ‘मायास्थेनिया ग्रॅव्हिस’ नावाचा जो विकार आहे, त्यावर फायसोस्टिग्मिन हे द्रव्य उपयोगी पडते असे १९३४ साली लंडनजवळच्या ग्रिनिच येथील रुग्णालयात डॉ. मेरी वॉकर यांनी दाखविले. त्याच वंशातील पायरिडोस्टिग्मिन दुसऱ्या महायुद्धानंतर स्वित्झर्लंडच्या रोश कंपनीने प्रचारात आणले आणि ‘मेस्टिनॉन’ ह्या नावाने ते अशा रुग्णांच्या नित्याच्या उपचाराचा भाग बनले. त्याची क्रिया थोडक्यात अशी. मज्जातंतूच्या टोकाशी अ‍ॅसिटिलकोलीन नावाचे द्रव्य स्रवते आणि स्नायूला किंवा ग्रंथीला आज्ञा पोहोचविते. आज्ञा पोहोचल्यावर त्या द्रव्याचा तत्काळ नाश व्हावा लागतो. हे काम कोलीनेस्टरेज हे विकर करते. पायरिडोस्टिग्मिन ह्या विकराला काही तास अडवून धरते. त्यामुळे अ‍ॅसिटिलकोलीन साठते आणि दुबळ्या स्नायूला जोर येतो.

आता मज्जातंतुविषे काय करतात? तेच करतात, परंतु विकराला ती जवळजवळ कायमची जखडून टाकतात. ह्यावरून एक चमत्कारिक कल्पना निघाली. विकराचा काही अंश जर आधीच सौम्य आणि सुटणाऱ्या द्रव्याने अडवून ठेवला, तर विष आल्यावर तेवढ्या अंशाला त्याचा स्पर्श होणार नाही आणि पुढे काही तासांनी तो आपोआप मोकळा होऊन जीव तगवू शकेल. कब्जा करून बसणारा इसम घरात शिरण्यापूर्वी त्या खोलीत मुदतीचा भाडेकरू ठेवावा, तसा हा प्रकार आहे. १९४६ साली कोस्टर यांनी मांजरांवरील प्रयोगांत ह्या तत्त्वाचा प्रत्यय आणून दिला. १९७० साली इंग्लंडमधील पोर्टन येथील बेरी व डेव्हिस यांनी सोमान ह्या विषाविरुद्ध ते वापरून पाहिले. सोमानचीच निवड होण्यास कारण आहे. त्याने जखडलेले विकर अवघ्या काही मिनिटांत अशा अवस्थेला जाते, की नंतर कोणताही उतारा त्याला सोडवू शकत नाही. उपचारास वेळच उरत नसल्यामुळे उपचार आधी करावयाचा, हा त्यातील हिशेब होता. १९९०-९१ च्या आखाती युद्धात सुमारे अडीच लक्ष अमेरिकन सैनिकांनी ह्या गोळ्या घेतल्या असे मानले जाते. मात्रा दर आठ तासांनी ३० मिलिग्रॅम. २००३ साली अमेरिकेच्या औषध-प्रशासनाने सोमानविरुद्ध पूर्वौषध म्हणून त्यास रीतसर मान्यता दिली. मनुष्यावर असा प्रयोग करणे अशक्य असल्याने प्राण्यांवरील पुराव्याच्या आधारे मान्यता देण्याचा जो नवा नियम झाला होता, त्याखाली मान्य झालेले हे पहिले औषध होय.

ह्या गोळीविषयी एक गैरसमज रूढ आहे, तो दूर करणे आवश्यक आहे. ही गोळी उतारा नव्हे. नुसती गोळी घेतलेल्या सैनिकाला नंतर अ‍ॅट्रोपिन आणि ऑक्झिम ही औषधे मिळाली नाहीत, तर तिचा लाभ जवळजवळ शून्य असतो. शिवाय ती स्वतः थोड्या प्रमाणात तेच करते जे विष करते. म्हणून अधिक घेतल्यास तिचीही बाधा होते. आखाती युद्धातील ४१,६५० सैनिकांच्या पाहणीत निम्म्या किंवा त्याहून अधिक जणांना पोटाच्या तक्रारी झाल्याचे आढळले, मात्र वैद्यकीय मदत मागण्याची वेळ सुमारे शेकडा एकावरच आली. खऱ्या मात्रातिरेकाचा परिचय वैद्यकाला मायास्थेनियाच्या रुग्णांमुळे फार पूर्वीच झाला होता. लाळ, घाम, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे, पोटात मुरडा, नाडी मंदावणे, श्वासनलिकांत स्राव दाटणे आणि शेवटी स्नायूंचे दौर्बल्य, ही त्याची लक्षणे होत. मायास्थेनियात ह्यामुळे मोठा पेच पडतो. औषध कमी पडले तरी रुग्ण दुबळा होतो आणि औषध जास्त झाले तरीही दुबळाच होतो. दोन्ही दौर्बल्ये बाहेरून सारखीच दिसतात. इस्रायलमध्ये लष्करी गोळ्यांचा हेतुतः मात्रातिरेक केलेल्या नऊ जणांचा वृत्तान्त १९९१ साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या मात्रेच्या कित्येक पटींनी गोळ्या घेऊनही लक्षणे सौम्य ते मध्यम राहिली, सुमारे एका दिवसात ओसरली आणि अ‍ॅट्रोपिन थोड्यांनाच द्यावे लागले. ह्याचे कारण औषधाच्या घडणीत आहे. ते मेंदूत सहजी शिरत नाही, म्हणून शुद्ध बहुधा कायम राहते; आणि विकरावरील त्याची पकड तासांत मोजण्याइतकी अल्पजीवी असते. ह्यावरचा उपचार म्हणून गोळ्या बंद करणे, स्राव आवरेपर्यंत अ‍ॅट्रोपिन देणे आणि स्नायू थकल्यास श्वास यंत्राने चालू ठेवणे एवढेच सांगितले जाते. अ‍ॅट्रोपिन स्राव आवरते. स्नायूंच्या दौर्बल्यावर त्याचा काडीइतका उपयोग होत नाही, हे मात्र विसरता कामा नये.

पाठ्यपुस्तकात चार ओळींत मावणारा हा उपचार कोठून आला? त्याचा उगम वनस्पतींत आहे. पश्चिम आफ्रिकेत आरोपीची सत्यपरीक्षा घेण्यासाठी कॅलाबार येथील एक शेंगबी खाऊ घालीत. १८५५ साली एडिंबरोचे प्राध्यापक क्रिस्टिसन यांनी ती स्वतः खाऊन पाहिली. अंगातील त्राण गेल्याचे जाणवताच त्यांनी दाढीचे पाणी पिऊन ओकारी काढली आणि ते वाचले. तेथेच थॉमस फ्रेझर यांनी १८६०च्या दशकात तिच्यातील द्रव्याचा पद्धतशीर अभ्यास केला. तेच फायसोस्टिग्मिन. दुसऱ्या बाजूला बेलाडोना आणि आपल्याकडील धोत्रा ह्यांच्यातील अ‍ॅट्रोपिनवर्गी द्रव्ये नेमकी उलट क्रिया करतात. त्यांनी बाहुली विस्फारते, तोंड कोरडे पडते, नाडी धावते. १८६४ साली प्रागमध्ये अ‍ॅट्रोपिन प्यालेल्या कैद्यांवर क्लाइनवेख्टर यांनी कॅलाबारच्या बीचा अर्क वापरला. आणि १८७०च्या सुमारास फ्रेझर यांनी दोहोंचे परस्परविरोधित्व मोजमापाने सिद्ध केले. महाराष्ट्रातील वाचकास हे विशेष अपरिचित वाटण्याचे कारण नाही. धोत्र्याच्या बिया खाऊ घालून वाटसरूंना लुबाडणाऱ्यांच्या हकिकती एकोणिसाव्या शतकातील न्यायवैद्यकाच्या ग्रंथांत वारंवार येतात. ज्या वर्गातील द्रव्याने प्रवासी बेशुद्ध पडे, त्याच वर्गातील द्रव्याने पुढे फवारणीचे विष अंगात गेलेला शेतकरी वाचू लागला.

नवी विषे जर्मनीत निर्माण झाली. गेर्हार्ड श्राडर हे आय. जी. फार्बेन ह्या उद्योगसमूहात कीटकनाशके शोधीत होते. १९३६च्या अखेरीस त्यांच्या हाती टाबून लागले, १९३८ साली सारिन लागले आणि ही दोन्ही लष्कराने आपल्या ताब्यात घेतली. १९४४ साली त्याच कुळातील पॅराथिऑन तयार झाले, ते मात्र युद्धोत्तर काळात ‘फॉलिडॉल’ ह्या नावाने शेतात आले. एकाच टेबलावर जन्मलेल्या भावंडांपैकी थोरले कोठारात आणि धाकटे शेतात, अशी ही वाटणी झाली. भारताला ह्या धाकट्याची दाहक ओळख १९५८ साली झाली. केरळात आलेल्या गव्हाच्या पिठात आणि साखरेत वाहतुकीच्या वेळी फॉलिडॉल सांडून मिसळले आणि शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. चौकशी आयोग नेमला गेला. पुढे १९६८ साली कीटकनाशक अधिनियम झाला आणि १९७१ साली त्याखालील नियम अमलात आले.

उतारा मात्र थोरल्याच्या भीतीतून निघाला. १९५५ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्विन विल्सन व सेरा गिन्झबर्ग यांनी आणि स्वतंत्रपणे पोर्टन येथील चाइल्ड्स, डेव्हिस, ग्रीन व रटलँड यांनी, जखडलेल्या विकरावरील फॉस्फरसचा बंध उचकटून काढणारे ऑक्झिम तयार केले. त्याचे प्रचलित नाव ‘पॅम’, शास्त्रीय नाव प्रॅलिडॉक्सिम. १९५८ साली जपानमध्ये नांबा व हिराकी यांनी पॅराथिऑनच्या रुग्णांवर ते वापरल्याचे जाहीर केले. रसायनशास्त्राच्या दृष्टीने हे इतके सुबक होते, की त्याची रुग्णांवर तुलनात्मक परीक्षा घ्यावी असे बराच काळ कोणास वाटले नाही. सैनिकांवर ती घेण्याचा प्रश्नच नव्हता. आणि ज्यांच्यावर घेता आली असती असे विषबाधेचे रुग्ण युरोप-अमेरिकेत थोडे होते. ते हजारोंनी होते दक्षिण आशियातील खेड्यांत. ही परिस्थिती नीट ध्यानात घेतली नाही, तर पुढील प्रकरणाचे महत्त्व कळणार नाही.

ऑक्झिम द्यावे हे ठरले होते. किती आणि कसे द्यावे हे ठरलेले नव्हते. भारतातील बहुतेक रुग्णालयांत एक ग्रॅम औषध काही तासांच्या अंतराने देण्याची रीत पडली. औषध रक्तातून लवकर निघून जाते, त्यामुळे दोन मात्रांच्या मधल्या काळात त्याचा प्रभाव उरत नाही, अशी शंका घेतली जात होती. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस प्रारंभी मोठी मात्रा आणि त्यानंतर सतत प्रवाह अशी होती. परंतु वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९९०च्या दशकात जे प्रयोग झाले, त्यांत सतत प्रवाहाचा लाभ दिसला नाही. उलट अपायच होत असावा असे तेथील वैद्यांना वाटले. औषध महाग असल्याने त्यांचा निष्कर्ष गरीब रुग्णांच्या दृष्टीने वजनदार ठरला आणि अनेक ठिकाणी पॅम मागे पडले.

बारामतीचा प्रयोग ह्या पार्श्वभूमीवर झाला. दौंडहून लोहमार्गाने सुमारे ४४ किलोमीटरवर असलेले हे तालुक्याचे गाव निरा-कालव्याच्या बागाइतीत वसलेले आहे. तेथील गिरिराज रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात डॉ. कीर्ती पवार, डॉ. रमेश भोईटे आणि त्यांचे सहकारी यांनी मध्यम तीव्रतेच्या विषबाधेचे २०० रुग्ण घेतले. सर्वांना आरंभी दोन ग्रॅम प्रॅलिडॉक्सिम अर्ध्या तासात दिले. त्यानंतर चिठ्ठीच्या न्यायाने दोन गट केले. एका गटास पहिले ४८ तास दर ताशी एक ग्रॅम असा अखंड प्रवाह, दुसऱ्यास दर चार तासांनी एक ग्रॅम. पुढे श्वसनयंत्र सुटेपर्यंत दोघांनाही दर चार तासांनी एक ग्रॅम. निष्कर्ष २००६च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’ ह्या लंडनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. अखंड प्रवाहाच्या गटात शंभरात एक रुग्ण दगावला, दुसऱ्या गटात आठ. श्वासनलिकेत नळी घालावी लागली असे रुग्ण पहिल्या गटात शेकडा ६४, दुसऱ्यात शेकडा ८८. न्यूमोनिया शेकडा ८ आणि शेकडा ३५. श्वसनयंत्रावरील काळाचा मध्यांक पाच दिवस आणि दहा दिवस. पहिल्या चोवीस तासांत लागलेल्या अ‍ॅट्रोपिनचा मध्यांक ६ मिलिग्रॅम आणि ३० मिलिग्रॅम.

ज्याने अशा रुग्णाची शुश्रूषा पाहिली आहे, त्यास ह्यातील पाच आणि दहा दिवसांच्या फरकाचे मोल निराळे सांगावयास नको. श्वसनयंत्राचा एकेक दिवस म्हणजे रुग्णाच्या घरचे एकेक जनावर, हा तालुक्याच्या गावातील व्यवहार आहे.

ग्रामीण महाराष्ट्रातील वैद्यकाने लॅन्सेटच्या पानांवर येण्याचा हा पहिला प्रसंग नव्हे. महाडच्या परिसरात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाने होणाऱ्या हृदयविकाराचा जो अभ्यास केला, तो तेथे १९८२पासून येऊ लागला होता. आणि योगायोग असा, की अ‍ॅट्रोपिन विंचवाच्या विषावर हितकर नसून अपायकारक आहे, असे बावस्करांनी आग्रहाने सांगितले. एकाच प्रांतात एकच औषध एका विषावर उतारा आणि दुसऱ्या विषावर अपथ्य ठरले. ह्या दोन्ही कामांत एक साम्य आहे. प्रश्न तेथल्या मातीतला होता, रुग्ण दारात येत होते आणि उत्तर शोधण्यास विद्यापीठाची वाट पाहण्यात आली नाही.

तथापि बारामतीच्या आकड्यांचा अर्थ लावताना उत्साहाला आवर घालणे भाग आहे. तीन वर्षांनी, २००९ साली, श्रीलंकेत अनुराधपूर आणि पोलोन्नरुव येथील रुग्णालयांत एडलस्टन आणि त्यांचे सहकारी यांनी केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. तेथे एका गटास जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे प्रॅलिडॉक्सिम आणि दुसऱ्यास केवळ क्षारद्रव देण्यात आले. औषध मिळालेल्या १२१ रुग्णांपैकी ३० दगावले. न मिळालेल्या ११४ पैकी १८. रक्तातील विकर औषधाने खरोखरच जागे झाले होते. रुग्ण मात्र त्या प्रमाणात वाचले नाहीत. २३५ रुग्णांच्या आधारे औषध घातक आहे असे म्हणता येत नाही, संख्याशास्त्राची तेवढी अनुज्ञा नाही. पण ते तारक आहे असेही म्हणता येत नाही. मग बारामतीस जे दिसले ते काय?

ह्याचे उत्तर देताना दोन प्रयोगांत विचारलेले प्रश्न भिन्न होते, हे प्रथम लक्षात घ्यावे लागते. बारामतीस औषध न मिळालेला गटच नव्हता. दोन्ही गटांस ऑक्झिम मिळत होते. तुलना दोन पद्धतींची होती. त्यावरून ‘औषध उपयोगी आहे’ असे सिद्ध होत नाही; कमी मात्रा खंडित रीतीने देण्यापेक्षा भरघोस मात्रा अखंड देणे बरे, एवढेच सिद्ध होते. शिवाय कोणास कोणती पद्धत चालू आहे हे वैद्यांना ठाऊक होते, आणि नळी केव्हा घालावी, यंत्र केव्हा काढावे हे निर्णय वैद्यच घेत होते. दुसरा भेद रुग्णांचा. बारामतीचे रुग्ण मध्यम तीव्रतेचे होते, विषबाधेनंतर लवकर पोहोचलेले होते, आणि प्रत्येकाला अतिदक्षता विभागातील खाट मिळाली होती. श्रीलंकेतील जिल्हा-रुग्णालयांत तशी सोय सर्वांना नव्हती. तिसरा भेद विषांचा. फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांपैकी डायमेथोएटसारख्या एका पोटवर्गाने जखडलेले विकर चार-एक तासांत निम्मे जुनाट होऊन ऑक्झिमला दाद देईनासे होते; क्लोरपायरिफॉससारख्या दुसऱ्या पोटवर्गात त्याच अवस्थेला दीड दिवसाच्या आसपास लागतो. कोणत्या जिल्ह्यात कोणते विष अधिक खपते, ह्यावर औषधाचे यशापयश अवलंबून राहावे, ही गोष्ट रसायनशास्त्रज्ञाला स्वाभाविक वाटेल. धोरण ठरविणाऱ्याला ती फार गैरसोयीची आहे.

ह्या सर्व मुद्द्यांचा कौल एका बाजूस झुकतो. बारामतीच्या आकड्यांतील किती श्रेय औषधाचे, किती अखंड पद्धतीचे आणि किती त्या विभागाचे, हे त्या आकड्यांवरून वेगळे काढता येत नाही. शंभरातील नव्व्याण्णव वाचले ह्यात प्रॅलिडॉक्सिमइतकाच वाटा वेळेवर घातलेल्या नळीचा आणि रात्रभर छातीचा आवाज ऐकत बसलेल्या परिचारिकेचा असणे शक्य आहे. कमी मात्रेच्या गटातही ब्याण्णव वाचले, ह्या आकड्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. अनेक मोठ्या शहरांतील रुग्णालयांना त्या काळी तेवढेही यश दुर्मिळ होते. प्रयोगाचे मोल ह्यामुळे घटत नाही; ते दुसरीकडे सरकते, इतकेच. तालुक्याच्या गावी अतिदक्षता विभाग चालू शकतो आणि तेथे शास्त्रीय तुलना काटेकोरपणे करता येते, हे त्याने दाखविले. ऑक्झिमविषयीचा वाद २०११ सालच्या कॉक्रेन संस्थेच्या परीक्षणानेही मिटला नाही. पुरावा अपुरा, एवढाच त्याचा अभिप्राय पडला.

जुन्या अ‍ॅट्रोपिनविषयी मात्र वाद नव्हता, म्हणून त्याची परीक्षाही फार उशिरा झाली. बांगलादेशातील चितगाव येथे १५६ रुग्णांवर झालेला प्रयोग २०१२ साली प्रसिद्ध झाला. ठरावीक अंतराने ठरावीक मात्रा देण्याऐवजी, छाती स्वच्छ होईपर्यंत दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट करीत जावयाची आणि नंतर प्रवाह चालू ठेवावयाचा, अशी नवी पद्धत त्यात होती. जुन्या पद्धतीत शेकडा २२.५ रुग्ण दगावले, नव्या पद्धतीत शेकडा ८. येथेही औषध तेच. बदलली ती देण्याची रीत. दीडशे वर्षे हाताशी असलेल्या द्रव्याची रीत नीट लावण्यास इतका काळ लागावा, ही गोष्ट वैद्यकाच्या इतिहासात नमूद करून ठेवण्याजोगी आहे.

पुन्हा पूर्वौषधाकडे वळल्यास ह्या इतिहासाचा एक व्यावहारिक धागा हाती लागतो. पायरिडोस्टिग्मिन हे कार्बामेट वर्गातील द्रव्य आहे. कार्बोफ्युरान हे शेतातील दाणेदार कीटकनाशकही त्याच वर्गातले. ह्या वर्गाची पकड आपण होऊन सुटते, म्हणून त्यांच्या बाधेत ऑक्झिमची सहसा गरज पडत नाही. अ‍ॅट्रोपिन आणि श्वास ह्यांवर एक-दोन दिवस निभावले, की रुग्ण सुटतो. कार्बोफ्युरान मेंदूत शिरते आणि त्याने मृत्यूही ओढवतो, हा भेद अर्थात फार मोठा आहे. परंतु उपचाराची दिशा तीच राहते. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्याने लष्करी गोळीच्या मात्रातिरेकाविषयी जे शिकावयाचे, तेच शिरूरच्या सरकारी रुग्णालयात रात्रपाळीला असलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला, गोळीचे नावही न ऐकता, कामी येते. भारताने १९९६ साली रासायनिक शस्त्रबंदीच्या कराराला अनुसमर्थन दिले आणि २००९ साली आपला साठा नष्ट करण्याचे काम पूर्ण केले. कोठारातील विषे अशा रीतीने संपली. शेतातली राहिली. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मृत्यू पावले. त्यांनी कोणतेही ‘औषध घेतले’ नव्हते, ते केवळ मारीत होते. २०१८ सालच्या आदेशाने मिथिल पॅराथिऑनवर तत्काळ, तर फोरेट, म्हणजेच थिमेट, ट्रायझोफॉस आणि नुवानमधील डायक्लोरव्हॉस ह्यांच्यावर २०२०च्या अखेरीपासून बंदी आली. बंदी आली म्हणून गोठ्याच्या फळीवर ठेवलेली जुनी बाटली नाहीशी होत नाही.

उपचाराचा इतिहास लिहिणाऱ्याची खरी अडचण ह्याच ठिकाणी सुरू होते. रुग्णालयाच्या नोंदींत बहुधा एवढेच लिहिलेले आढळते, की ‘ओ. पी. पॉयझनिंग’. त्यात फॉस्फरसवर्गी कोणते आणि कार्बामेट कोणते, लवकर जुनाट होणारे कोणते आणि उशिरा होणारे कोणते, ह्याचा पत्ता लागत नाही. आणि रक्तातील विकर मोजण्याची सोय प्रत्येक तालुक्याच्या गावी नसते. मग भिस्त राहते ती रुग्णाला घेऊन येणाऱ्यांवर. २०१४ साली महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सुरू झाली, त्यामुळे शिरूरहून पुणे किंवा अहिल्यानगर आणि दौंडहून पुणे किंवा बारामती हे अंतर पूर्वीइतके जीवघेणे राहिले नाही. परंतु घाईत बाटली घरीच राहते, किंवा भीतीपोटी ती कोणीतरी आधीच उकिरड्यावर फेकलेली असते. १९७१च्या नियमांप्रमाणे त्या बाटलीवर विषाच्या तीव्रतेनुसार लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग असावा लागतो, आणि सोबतच्या पत्रकात लक्षणे, प्रथमोपचार व उतारा छापलेला असतो. ज्या रुग्णाबरोबर ती बाटली येते, त्याच्या नोंदीत विषाचे नाव असते.